घरची चिमणी आणि रानची चिमणी

चिमणी कोणाला ठाऊक नाही? पोर बोलायला लागण्याआधी आपण त्याला चिऊ दाखवतो. ते जेवत नसेल तर चिऊच्या नावाने घास भरवतो. काऊ आणि चिऊची गोष्ट ऐकल्याशिवाय आपल्याकडे कोणी मोठे झालेले नाही.

मग चिमणीवर धडा कशाला, असे तुम्ही म्हणाल. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर एक प्रसंग घडला. तेव्हा कळले की चिमणी आपल्याला अर्धीच ठाऊक आहे.

चैत्र महिना होता. विहिरीजवळच्या बांधावर एक जुनी बाभळ होती. तिची एक जाड फांदी वाळून कोळ झालेली. घरातले म्हातारे आबा कुऱ्हाड घेऊन निघाले. सरपण हवे होते. वाळकी फांदी तोडायला कोणाची हरकत असणार? पण त्यांची सून पाणी भरत होती, ती म्हणाली,

"आबा, जरा थांबा. त्या ढोलीत पाखरू जातंय."

आबांनी वर बघितले. "अगं, चिमणी हाय ती. तिला काय? फांदी गेली तर घरात येईल. वळचण काय ओस पडलीय का?"

"चिमणीच हाय," सून म्हणाली, "पण हिच्या गळ्याला हळद लागल्यावानी दिसतंय. आपल्या घरातलीला तसं न्हाई."

आबा हसले. आम्ही मात्र हसलो नाही. सुनेची नजर बरोबर होती. बाभळीवरची चिमणी निराळी होती. आणि आबा म्हणत होते तशी ती घरात राहायला येईल की नाही, हाच खरा प्रश्न होता.

घरात येते ती घरचिमणी. बाभळीवरची ती रानचिमणी. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका असतो म्हणून पक्षी ओळखणारे लोक तिला पीतकंठी चिमणी म्हणतात. पीत म्हणजे पिवळा, कंठ म्हणजे गळा. दोघी एकाच कुळातल्या. पण सख्ख्या बहिणी नव्हेत. भावकीतल्या म्हणा. भावकीत नाक-डोळे सारखे असतात, पण चूल वेगळी असते. तसेच हे आहे.

आता दोघींना ओळखायचे कसे?

आधी घरचिमणीचा नर बघा. त्याला आपण चिमणा म्हणतो. त्याचे डोके वर राखाडी असते. डोळ्यामागून मानेपर्यंत विटकरी रंग. गाल पांढरट. आणि हनुवटीखाली, गळ्यावर आणि छातीवर काळा डाग. जणू काळा रुमाल बांधला आहे. हा काळा रुमाल दिसला की दुसरा विचार करायला नको. मादीला हा रुमाल नसतो. ती सगळी मातकट. पण तिच्या पाठीवर काळपट रेघा असतात आणि डोळ्यावर फिकट भुवई असते.

आता रानचिमणी. ही घरचिमणीपेक्षा किंचित लहान आणि सडपातळ. अंगाचा रंग मातकट राखाडी. पण पाठ साफ. पाठीवर एकही रेघ नाही. ही खूण फार उपयोगाची. पक्षी उन्हात पाठ करून बसला असेल, गळा दिसत नसेल, तरी पाठीवरून सांगता येते. नराच्या खांद्यावर तांबूस विटकरी पट्टा असतो. पंख मिटलेला असला की त्यावर दोन पांढऱ्या आडव्या रेघा दिसतात. आणि गळ्यावर तो लिंबासारखा पिवळा ठिपका. तो मोठा नसतो. लांबून दिसतही नाही. मान वर केली, ऊन पडले, की झळकतो. सुनेला तो दिसला, कारण ती रोज त्याच झाडाखाली पाणी भरत होती. मादीच्या गळ्यावरचे पिवळे फार फिके असते किंवा दिसतच नाही. खांद्याचा तांबूस रंगही तिच्यात फिका.

तेव्हा खरी पंचाईत दोघींच्या माद्यांची. दोघी मातकट, दोघींना रुमाल नाही. अशा वेळी चोच बघावी. घरचिमणीची चोच जाड, आखूड. दाणा फोडायला सोयीची. रानचिमणीची चोच बारीक आणि थोडी लांबट. चोच बघायची सवय लागायला दोन-चार दिवस जातात. एकदा लागली की मग चूक होत नाही.

आवाजही थोडा निराळा. घरचिमणीचा चिवचिवाट आपल्याला पाठ आहे. रानचिमणीही चिवचिवते, पण तिचा सूर जास्त गोड. कान देऊन ऐकले तर फरक कळतो. मळ्यात काम करणाऱ्या बायांना तो आमच्यापेक्षा लवकर कळेल, कारण दिवसभर त्यांच्या कानावर तोच असतो.

एवढी बारीक ओळख करून काय मिळते? यावरून एक खरी गोष्ट सांगतो.

साधारण 1908 सालची गोष्ट. मुंबईच्या खेतवाडीत एक मुलगा राहत होता. आईबाप लहानपणीच वारले होते. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला वाढवले. मुलाला छऱ्याची बंदूक मिळाली होती. तो चिमण्या मारी. एक दिवस त्याने एक चिमणी पाडली. उचलून बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही नेहमीची चिमणी नाही, हे त्याला कळले. ही खाण्याजोगी आहे की नाही, अशीही शंका आली. त्याने मामांना विचारले. मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था 1883 मध्ये निघाली आणि आजही चालू आहे. तिथल्या मिलार्ड नावाच्या साहेबांनी चिमणी हातात घेतली आणि सांगितले, ही पिवळ्या गळ्याची चिमणी. मग त्यांनी मुलाला कपाटाचे खण उघडून दाखवले. खणाखणांत पेंढा भरून ठेवलेले पक्षी. मुलगा बघतच राहिला.

तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे ते भारतातले सर्वांत मोठे पक्षीतज्ज्ञ झाले. 1987 मध्ये ते वारले. त्याआधी, 1985 मध्ये, त्यांनी आपली जीवनकथा इंग्रजीत लिहिली. तिच्या नावातही चिमणीच आहे. त्या मुलाने 'चिमणी ती चिमणी' म्हणून ती फेकून दिली असती, तर? आम्ही आबांना ही गोष्ट सांगितली. आबा म्हणाले, "म्हंजी आमच्या सुनेसारखंच झालं की!" सून पदराआड हसली.

पण मूळ प्रश्न राहिलाच. फांदी तोडली तर रानचिमणी वळचणीला येईल का?

आधी घरचिमणीचे घर बघू. ही माणसाला धरून राहते. तिला भोक लागते, पण ते माणसाच्या घरातले. वळचण, आढ्याची फट, कौलाखालची पोकळी, भिंतीतला कोनाडा, देवादिकांच्या तसबिरीच्या मागची जागा. तिथे काडी, गवत, सुतळी, कापूस, पिसे भरून घरटे करते. बाई केर काढून काढून थकते, पण चिमणी काड्या आणायची थकत नाही. तीन ते पाच अंडी घालते. पंधरवड्याच्या आत पिले बाहेर येतात आणि पुढच्या पंधरवड्यात उडून जातात. वर्षातून अनेकदा तिचे असे चालते.

ती माणसाच्या इतकी मागे असते की माणूस गेला तिथे तीही गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकांनी ती समुद्रापार अमेरिकेत नेऊन न्यूयॉर्क शहरात सोडली. तिथून ती साऱ्या मुलखात पसरली.

रानचिमणीलाही भोकच लागते. पण तिची ओढ झाडाकडे. विरळ रान, बाभळीचे बांध, माळ, शेताकडेची जुनी झाडे ही तिची जागा. चैत्र-वैशाखापासून पाऊस लागेपर्यंत तिचा विणीचा काळ. वाळलेल्या फांदीतली ढोली तिला फार आवडते. गंमत अशी की ही ढोली तिला स्वतःला कोरता येत नाही. तिची चोच त्या कामाची नाही. सुतारपक्षी कोरतो, तांबट कोरतो. तांबट म्हणजे उन्हाळ्यात भांडे ठोकल्यासारखा टुक्-टुक् आवाज करतो तो. हे पक्षी आपली वीण आटोपून जातात आणि मग रिकाम्या जागेत रानचिमणी बिऱ्हाड करते. ओल्या टणक लाकडापेक्षा कुजके, वाळके लाकूड कोरायला सोपे. म्हणून ज्या फांदीला आपण 'मेलेली' म्हणतो, तिच्यातच चार घरे असतात.

खरे सांगायचे तर रानचिमणी कधी कधी भिंतीतल्या भोकात किंवा पडक्या नळीतही घरटे करते. अगदीच करत नाही असे नाही. पण माणसांची वर्दळ असलेल्या आपल्या वळचणीला, घरचिमणीशी भांडून, ती येऊन राहील असे धरून चालू नये. शिवाय तेव्हा त्या ढोलीत अंडी असतील तर ती काही वळचणीला चालत जाणार नाहीत. आबांना एवढे सांगितल्यावर त्यांनी कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली. पण पटले असे काही म्हणाले नाहीत.

म्हणाले ते निराळेच. "पाखरं वाचवा म्हणता. पण बाजरी निसवली की थव्यानं उतरतात त्याचं काय? गोफण घेऊन पोरं माळ्यावर बसवावी लागतात."

हा शेतकऱ्याचा सवाल आहे. तो टाळून चालणार नाही. दोन्ही चिमण्या दाणे खातात. कणसावर बसतात. पिके निघाल्यावर पडलेले दाणे आणि गवताचे बी टिपायला दोघी एकाच रानात उतरतात. कधी कधी एकाच थव्यात असतात. नुकसान होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. राखण करावीच लागते.

पण पिलांना दोघी काय भरवतात ते बघा. पिलाला सुरुवातीला कोरडा दाणा पचत नाही. त्याला अळ्या, किडे, नाकतोडे लागतात. आई-बाप दोघे दिवसभर चोचीत किडे धरून घरट्यावर येतात. अर्धा तास घरट्यासमोर बसून खेपा मोजा. आमच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. प्रत्येक खेपेला एक तरी किडा तुमच्या शेतातून नाहीतर परसातून कमी झालेला असतो.

रानचिमणीची आणखी एक आवड आहे. तिला फुलांतला मध आवडतो. मोहाची फुले, नेपतीची फुले यांत ती तोंड खुपसते. मग तिच्या कपाळाला परागाची पूड लागते. एका फुलाची पूड दुसऱ्या फुलाला लागली की फळ धरते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. सुरगाण्याकडे, पेठकडे मोहाची झाडे आहेत. तिकडचे लोक उन्हाळ्यात हे पाहू शकतात.

चिमण्या नकोतच असे एका देशाने ठरवून पाहिले आहे. तो देश चीन. 1958 मध्ये तिथल्या सरकारने उंदीर, माशी, डास आणि चिमणी या चौघांना मारायची मोहीम काढली. चिमणी धान्य खाते, हाच तिचा गुन्हा. लोक रस्त्यांवर आले. ढोल, ताटे, डबे बडवू लागले. चिमण्यांना कुठे बसूच देईनात. उडून उडून त्या थकून खाली पडत. अशा अगणित मेल्या. ती चिमणी आपल्या घरचिमणीची जवळची बहीण, वृक्षचिमणी. तिकडे तीच गावात आणि घरांत राहते. चिमण्या गेल्या आणि पिकांवर कीड माजली. 1960 मध्ये सरकारने यादीतून चिमणी काढली आणि तिच्या जागी ढेकूण घातला. त्या वर्षांत चीनमध्ये मोठा दुष्काळ पडला. दुष्काळाची कारणे पुष्कळ होती. एकट्या चिमणीवर तो लादता येत नाही. पण मारलेल्या चिमण्यांनी त्यात भर घातली, असे जाणकार सांगतात.

आबा गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "ढेकणाचं बरं केलं."

आता आपल्या नाशिककडे येऊ. घरचिमणी शहरांतून कमी होत आहे, हे बऱ्याच लोकांच्या लक्षात आले होते. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी ते मनावर घेतले. चिमण्यांसाठी त्यांनी नेचर फॉरएव्हर सोसायटी ही संस्था काढली. लाकडी पेट्या करून लोकांना दिल्या. 2008 मध्ये अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने पर्यावरणासाठी झटणाऱ्या लोकांत त्यांचे नाव घेतले. त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने 20 मार्च 2010 पासून जागतिक चिमणी दिन पाळला जातो. आज तो कितीतरी देशांत होतो. गोदाकाठच्या गावातून निघालेली ही गोष्ट जगभर गेली, याचे आम्हांला अप्रूप वाटते. त्याच वर्षी, 9 जुलै 2010 रोजी, भारताच्या टपाल खात्याने चिमणी आणि पारवा यांचे तिकीटही काढले.

चिमणी अगदी नाहीशी होत चालली आहे, असे काही लोक म्हणतात. तेही पूर्ण खरे नाही. 2020 मध्ये देशातल्या पक्ष्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसले की मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या आहेत. मुंबई त्यांत आहे. पण सगळा देश धरला तर गेल्या पंचवीसएक वर्षांत त्यांची संख्या बरीचशी टिकून आहे. मोबाईलच्या टॉवरमुळे चिमण्या मरतात, असेही आपण ऐकतो. त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. घरटे करायला जागा नसणे आणि पिलांना किडे न मिळणे ही कारणे समजायला सोपी आहेत. कौलाचे घर पाडून स्लॅबचे बांधले की वळचण जाते. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीला फट नसते. बागेवर औषध फवारले की किड्यांबरोबर पिलांचे जेवणही जाते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणी चुकत नाही, ती चुकवून पीकही येत नाही. हे अवघड दुखणे आहे. आमच्याजवळ त्याचा तोडगा नाही. पण परसात, बांधावर, शेवग्याखाली जिथे फवारायची गरज नाही तिथे उगीच फवारू नये, एवढे करता येते.

पेटी करायला सोपी आहे. वीतभर लांबी-रुंदीचा लाकडी खोका घ्या. एका बाजूला सव्वा इंचाचे गोल भोक पाडा. भोक मोठे केले तर साळुंकी घुसते. दुपारचे ऊन आणि पावसाचा झोत लागणार नाही अशा भिंतीवर, माणसाच्या डोक्यापेक्षा बरीच उंच टांगा. मांजराला चढता येऊ नये. पंखा फिरतो त्या खोलीत टांगू नका. चिमण्या पंख्याला आपटून मरतात.

पण ही पेटी प्रामुख्याने घरचिमणीची. रानचिमणीसाठी पेटी नको, तिला झाडच हवे. वाळकी फांदी रस्त्यावर, गोठ्यावर किंवा विहिरीवर पडायची भीती असेल तर ती तोडलीच पाहिजे. नसेल तर राहू द्यावी. सरपणाला हवी असेल तर आधी खाली बसून बघावे, कोणी आत-बाहेर करते का. करत असेल तर पाऊस लागेपर्यंत थांबावे. पिकनिकला आल्यासारखे लोक नांदूरमध्यमेश्वरला दुर्बीण घेऊन परदेशी बदके बघतात. चांगलेच आहे. पण रानचिमणीही काही कमी प्रवासी नाही. इराण, इराक, तुर्कस्तानात ती उन्हाळ्यात वीण करते, आणि तिकडच्या रानचिमण्या हिवाळ्यात भारताकडे येतात. आपल्या बांधावरची बाभळ त्यांच्याही वाटेवर असू शकते.

त्या दिवशी आबांनी बाभळीच्या खालच्या दोन-तीन बारक्या वाळक्या फांद्या तोडल्या. ढोलीची फांदी ठेवली. "पाऊस पडला की बघू," म्हणाले.

दिवाळीच्या सुमारास आम्ही पुन्हा त्या वस्तीवर गेलो. फांदी जागेवर होती. सुनेने सांगितले, मृगाच्या आधी तीन पिले उडाली. तिने स्वतः मोजली होती. आबा बोलले नाहीत, पण बाभळीखाली त्यांनी बाज टाकलेली दिसली.

घराचे मात्र काम निघाले होते. कौले उतरवून स्लॅब टाकायचा होता. वळचणीतली घरचिमण्यांची घरटी मोकळी झाली होती, ती अंगणात पडली होती. सुनेने गवंड्याला सांगितले, वर स्लॅबखाली एक-दोन भोके ठेवा. गवंडी म्हणाला, "भोक कशाला ठेवायचं? साप शिरंल, पानी शिरंल." बराच वेळ वाद झाला. शेवटी आबाच म्हणाले, "अरे, आत जाऊ देऊ नको. बाहेरून अर्धी वीट काढ, मागून बंद कर. चिमणीपुरती जागा ऱ्हाऊ दे." गवंड्याने पूर्वेच्या भिंतीत अशा दोन जागा ठेवल्या. एकीत काड्या पडायला लागल्या आहेत. दुसरी अजून रिकामी आहे.